एका नावाचा लोप आणि अडलेली यंत्रणा



कलाशाखेच्या पदवीधराने संगणकावर बोलावे, हे जरा धाडसाचेच. परंतु आपल्यापैकी पुष्कळांची मुले-मुली आज याच व्यवसायात आहेत, आणि सरकारी कचेऱ्यांतील रात्रीची कामेही आता संगणकच उरकतो. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

'एअरफ्लो' ही २०१४ साली 'एअरबीएनबी' या अमेरिकन कंपनीत जन्मलेली, सर्वांस खुली असलेली प्रणाली. कोणते काम आधी, कोणते नंतर, अडल्यास किती वेळा पुन्हा करून पाहावयाचे, हे ती सांभाळते. आमच्या भाषेत, उत्तम हेडक्लार्क! पण हा हेडक्लार्क इतरांनी लिहून ठेवलेल्या असंख्य लायब्रऱ्यांवर विसंबून असतो. त्यांतली एक 'जिंजा'. मंदिर या अर्थाचा हा जपानी शब्द. 'टेंपल' आणि 'टेंप्लेट' यांच्या नादसाम्यावरून घेतलेला. जिंजा पुन्हा 'मार्कअपसेफ' नावाच्या चिमुकल्या लायब्ररीवर विसंबते.

या चिमुकलीत 'सॉफ्ट युनिकोड' नावाची एक सोय होती. मे २०२१ मध्ये तिचे नाव बदलले आणि जुने नाव २.१ या आवृत्तीत काढले जाईल, अशी सूचना लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते खरोखरच काढले. जुन्या जिंजाने मात्र 'मार्कअपसेफ ०.२३ किंवा त्यापुढील कोणतीही' एवढेच मागून ठेवले होते. वरची मर्यादा नव्हती. नव्याने प्रणाली बसविणाऱ्यांकडे आपोआप २.१.० येई, जिंजा जुने नाव शोधी, ते सापडत नसे, आणि हेडक्लार्क दारातच अडे. आमच्या परिचयाच्या एका कचेरीत त्याच आठवड्यात नवे यंत्र बसत होते. वेतनाची विवरणपत्रे दोन दिवस खोळंबली.

तोडगा एका ओळीचा: मार्कअपसेफ २.०.१ वरच बांधून ठेवावयाची. एअरफ्लोसोबत प्रसिद्ध होणारी आवृत्त्यांची ठरीव यादी ज्यांनी वापरली, त्यांना तर हा त्रास झालाच नाही.

दोष कोणाचा? पुष्कळांनी लायब्ररीच्या कर्त्यांना बोल लावला. आम्हांस ते पटत नाही. नऊ महिने आधी सूचना देणारे खाते आम्ही तरी क्वचितच पाहिले आहे. मात्र ती सूचना राजपत्रातील अधिसूचनेसारखी होती. ज्यांना झळ बसणार, त्यांच्यापैकी कितीजण ते पान उघडतात?

आम्हांस विशेष भावली ती एअरफ्लोच्या लोकांची रीत. '२.१.० पेक्षा खालचीच' असा निर्बंध घालताना त्यांनी शेजारीच कारण लिहिले, आणि तो कधी उठवावयाचा तेही नोंदविले: जिंजाची नवी आवृत्ती घेता येईल तेव्हा. अशी टीप नसली म्हणजे तात्पुरता हुकूम वर्षानुवर्षे चालतो. येथे तर धोका अधिक. कारण पानावर कोणी घातक मजकूर घुसवू नये म्हणून पहारा देणारी हीच लायब्ररी, आणि ती जुन्या आकड्यावर बांधली की पुढील दुरुस्त्या तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

सभागृहातील ज्या तरुणांनी त्या वर्षी २.०.१ हा आकडा आपल्या यादीत लिहिला असेल, त्यांनी सोमवारी कचेरीत गेल्यावर तो अजून तेथेच आहे का, एवढे पाहावे.