थांबा म्हणणारा माणूस
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावीनंतर तीस वर्षांनी आपण पुन्हा याच सभागृहात बसलो आहोत. संयोजकांनी मला बजावलंय, "कामाविषयी बोल, पण कॉम्प्युटरचं फार नको." म्हणून मी वजनाविषयी बोलणार आहे. हसू नका, आपल्या नाही, यंत्रांच्या वजनाविषयी.

मी लिहिते ते सॉफ्टवेअर मोठ्या क्रेनच्या केबिनमध्ये चालतं. हुकाला किती टन लटकलंय आणि क्रेनची ताकद किती उरलीय, हे ते चालकाला पडद्यावर दाखवतं. 'पन्नास टनी क्रेन' म्हटलं की वाटतं, ती कुठेही पन्नास टन उचलेल. तसं नसतं. एवढं वजन ती अगदी अंगाजवळ उचलते, तीनेक मीटरवर. वजन जसजसं लांब न्याल, तशी तिची ताकद झपाट्यानं घटते. नाही ऐकलं तर क्रेनच उलटते. बाईंनी पेन्सिलीवर फूटपट्टी ठेवून, एका टोकाला खडू आणि दुसऱ्या टोकाला खोडरबर ठेवून तरफ शिकवली होती, तेच हे गणित. बाई, त्या तासाला मी मागच्या बाकावर चिंचा खात होते, पण फूटपट्टी लक्षात राहिली.

या कामात मी का आले, ते आज पहिल्यांदाच सांगतेय.

माझे बाबा गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी जेमतेम तीन वर्षांची. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढचं तुम्हाला सांगायला नको, तुमच्यापैकी अनेकांच्या घरात तेच झालं. काही वर्षांनी बाबा एका ठेकेदाराच्या टोळीत लागले. बंद खात्यांतली यंत्रं उपसून ट्रकवर चढवायची, हे टोळीचं काम. ज्या साच्यांवर उमेदीची वर्षं काढली, तेच उखडायचे. हाताशी पहारी, लाकडी ओंडके, खाली सरकवायला लोखंडी पाइप आणि एक चेनपुली.

आपण सातवीत होतो. दोन टनांचं एक यंत्र उचलताना स्लिंग, म्हणजे वजनाला बांधून हुकात अडकवायचा तारेचा दोर, तुटला. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका शेजारीच उभे होते. त्यांचा पाय गेला.

बाबा घरात त्याविषयी अवाक्षर बोलले नाहीत. मला इंजिनिअर म्हणून पहिली नोकरी लागली, त्या रात्री गॅलरीत बसून म्हणाले, "मला दिसत होतं. दोर फार आडवा पडला होता. थांबा म्हणणार होतो. पण ट्रक खोळंबला होता, ठेकेदार ओरडत होता आणि मी टोळीत नवा. गप्प बसलो."

दोर आडवा पडला म्हणजे काय? चाळीच्या गॅलरीतली कपड्यांची दोरी आठवा. थोडी सैल बांधली तर ओली चादरही पेलते. तीच ताणून सरळ बांधली तर त्याच चादरीनं भिंतीतला खिळा उपसून येतो. दोन टनांचं यंत्र दोन दोरांवर सरळ उभं टांगलं तर प्रत्येकावर एक टन ताण येतो. दोर जमिनीशी ६० अंशांत असतील तर सव्वा टनाच्या आत. ३० अंशांवर आले की प्रत्येकावर पुरे दोन टन. यंत्र तेच, दोर तेच, ताण दुप्पट. बाबांना साइन-कोसाइन येत नव्हतं, पण त्यांच्या डोळ्यांना हे कळलं होतं.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम २९ सांगायचं, की उचलायची यंत्रं, साखळ्या आणि दोर वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून नीट तपासून घ्यायचे, किती वजन पेलेल ते त्यांच्यावर स्पष्ट लिहायचं आणि त्यापुढे जायचं नाही. कायदा चांगला होता. पण ट्रक खोळंबलेला असताना तो कुणी वाचत नसे.

म्हणून जाणते लोक काही सवयी पाळतात. वजन अंदाजानं धरायचं नाही, विचारून घ्यायचं. आधी वीतभर उचलून थांबायचं. कुठे कलतंय, काय करकरतंय ते बघायचं. लटकत्या वजनाखाली कुणी जायचं नाही. इशारे एकानेच द्यायचे. फक्त एक इशारा कुणीही देऊ शकतो, 'थांबा'. तो कालच लागलेल्या पोरानं दिला तरी क्रेनवाल्यानं थांबलंच पाहिजे. आधी थांबायचं, मग विचारायचं.

हे जुन्या काळाचं दुखणं नाही. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं, २० माणसं गेली. आपल्याकडे डिलाईल रोडचा पूल २०१८ मध्ये बंद झाला आणि पुरा सुरू व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. आपण सगळ्यांनी शिव्या घातल्या, मीही घातल्या. पण रेल्वेच्या रुळांवर शेकडो टनांचे गर्डर चढवणाऱ्यांना 'लवकर करा' म्हणताना हल्ली माझी जीभ अडखळते.

आज लालबाग-परळमध्ये चाळींच्या डोक्यावर टॉवरच्या क्रेन फिरतायत. तुमच्यातले काही जण बांधकामात आहेत, काहींचे ट्रक आहेत, मंडळांचे कार्यकर्ते तर पुष्कळ आहेत. परळ वर्कशॉपमधून मूर्ती निघते तेव्हा ट्रॉली ओढणारे हात शेकडो असतात. 'थांबा' म्हणायचा हक्क त्यातल्या प्रत्येक हाताला आहे, हे निघायच्या आधी मोठ्यानं सांगा. आणि कुणी विनाकारण थांबवलं तर त्याची टिंगल करू नका. नाहीतर पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

काका मागच्या वर्षी वारले. शेवटपर्यंत रोज संध्याकाळी ते आणि बाबा पत्ते खेळत. बाबांनी त्यांना ते कधी सांगितलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये वजन मर्यादेबाहेर गेलं की घंटा वाजते. ती लिहिताना दरवेळी मला आमची गॅलरी आठवते. घंटा मी लिहू शकते, पण यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाचं धाडस मला लिहिता येत नाही. ते तुम्हीच आपापल्या माणसांना द्यायचं आहे.

बाई, सर, तुम्ही आम्हाला वर्गात हात वर करून प्रश्न विचारायला शिकवलंत. ते फार उपयोगी पडलं.