जुने संगणक आणि नव्या सूचक आज्ञा



आदिलाबाद जिल्ह्यातील नारनूर मंडळात गुंजाळा या गावी जुन्या हस्तलिखितांत आढळलेली गोंडी लिपी २०१८ साली युनिकोड या जागतिक वर्णसंचात समाविष्ट झाली. ज्या संगणकात तिचा टंक नाही, त्याच्या पडद्यावर अक्षराऐवजी रिकामी चौकट उमटते. काम मात्र थांबत नाही. संगणकाचा प्रोसेसर इतका सोशिक नसतो. अनोळखी आज्ञा समोर येताच तो ती नाकारतो व चालू प्रोग्रॅम तेथेच बंद पडतो. म्हणून मनुष्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या कंपायलरने, जुन्या पिढीच्या प्रोसेसरसाठी काम करताना नव्या पिढीच्या आज्ञा वापरू नयेत, असा दंडक आहे.

काही आज्ञा मात्र केवळ सूचक असतात. त्या पाळल्या तर लाभ होतो. न पाळल्या तरी उत्तर तेच येते. इंटेलच्या पेंटियम ४ बरोबर २००० साली आलेली ‘पॉज’ ही अशीच आज्ञा होय. वाट पाहत त्याच त्या फेऱ्या मारणाऱ्या प्रोसेसरला ती क्षणभर विसाव्याची सूचना देते. तिचा संकेत असा योजला आहे की, जुन्या प्रोसेसरला तिचा अर्थ ‘काही करू नये’ एवढाच वाटावा. अशा आज्ञेसाठी निराळी परवानगी मागणे हा कागदी सोपस्कार होय. कचेरीत खेटे घातलेल्यांस त्याचे अधिक वर्णन नको.

पण हा न्याय सरसकट लावता येत नाही. घुसखोराने प्रोग्रॅमचा ओघ भलतीकडे वळवू नये म्हणून इंटेलने ‘एंडब्रँच’ ही खुणेची आज्ञा योजली. ती ज्या राखीव संकेतांत बसविली आहे, ते ६४ बिटी प्रोसेसर निमूटपणे ओलांडतात. काही जुन्या ३२ बिटी प्रोसेसरना ते संकेतच ठाऊक नाहीत. एएमडीचा जिओड हा त्यांपैकी एक.

हे नाव महाराष्ट्राला अगदीच परके नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळील खैराट येथील प्राथमिक शाळेत ‘प्रत्येक बालकास एक लॅपटॉप’ या योजनेचा प्रयोग झाला. त्या योजनेच्या एक्सओ-१ संगणकात ४३३ मेगाहर्ट्झ गतीचा जिओडच होता. ही खूण घातलेला प्रोग्रॅम अशा यंत्रावर आरंभीच कोसळतो. शिक्षकास वाटते, यंत्रच निकामी झाले.

मग अशी खूण फक्त नव्या प्रोसेसरपुरती राखावी काय? तसे केल्यास सर्वांसाठी एकदाच तयार होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती घालताच येणार नाही आणि नव्या यंत्रांचेही संरक्षण जाईल. योग्य अट निराळी आहे: राखीव संकेत ज्या पिढीपासून निर्धोक आहेत, तेथे सीमा असावी. आर्मच्या ६४ बिटी रचनेत अशी जागा आरंभापासून आहे. म्हणून कंपायलर तेथे तत्सम खूण नावाने न लिहिता सूचक आज्ञेच्या अंकाने लिहितो व जुने प्रोसेसर ती ओलांडून जातात.

जीसीसी या कंपायलरने २०२१ साली अशी सीमा घातली खरी. पण तिची कसोटी ‘सीमूव्ह’ ही दुसरीच आज्ञा आहे. जिओडला सीमूव्ह येते, म्हणून तो या चाळणीतून निसटतो. डेबियनने २०२३ साली बाराव्या आवृत्तीच्या निवेदनात जिओडचे नाव घेऊन कळविले की, या वर्गातील प्रोसेसर यापुढे चालणार नाहीत. जुने संगणक बाळगणाऱ्या शाळेस कोणती आवृत्ती बसवू नये, हे त्यावरून आधीच ठरविता येते.