संगणकाच्या अंगांचा मेळ

जोडींतील एक बैल दांडगा आणि दुसरा अशक्त असला, तर गाडी अशक्ताच्याच चालीनें चालते, हें विदर्भांतील शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. संगणक घेणाऱ्या सुशिक्षित गृहस्थास मात्र तें पुष्कळदा सांगावें लागतें. नागपुरास सीताबर्डीच्या बाजारांत शिरलेला गृहस्थ आधीं प्रोसेसरचें नांव विचारतो. मुलांच्या शिक्षणासाठीं सांठविलेली बहुतेक रक्कम त्या एका नांवावर खर्च होते आणि बाकीचीं अंगें उरल्यासुरल्या पैशांत उरकलीं जातात. पुढें यंत्र रखडूं लागलें म्हणजे पुन्हां नवा प्रोसेसर घेण्याचा विचार सुरू होतो!

या बाबतींत एक जवळचें उदाहरण बोधप्रद आहे. डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवचे. अभियांत्रिकीची पदवी त्यांनीं नागपुरासच घेतली. १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली. तेथें १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. त्यांत इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या टी-८०० ट्रान्सप्यूटर चिपा होत्या. एकेकटी पाहतां ही चिप त्या काळीं सर्वांत वेगवान नव्हती. परंतु गणना करणारा भाग आणि शेजारच्या चिपांशीं देवघेव करणारे चार दुवे तिच्यांत एकत्र होते. म्हणूनच अनेक चिपांना एका कामास जुंपणें शक्य झालें.

या तत्त्वाचें गणित जीन अॅम्डाल यांनीं १९६७ सालीं मांडलें होतें. समजा, एका कामास १० मिनिटें लागतात. पैकीं ६ मिनिटें हार्ड डिस्कवरून माहिती येण्यांत जातात आणि ४ मिनिटें गणनेंत. दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणल्यास काम ८ मिनिटांत होईल. उलट, पांचपट वेगानें माहिती पुरविणारी एसएसडी बसविल्यास तेंच काम सव्वापांच मिनिटांच्या आंत होईल.

तेव्हां निवडीपूर्वीं आपलें काम ओळखावें. पत्रव्यवहार, हिशेब व अभ्यास यांस मध्यम प्रोसेसर, पुरेशी रॅम आणि एसएसडी हा मेळ उत्तम. निराळें ग्राफिक्स कार्ड तेथें अनावश्यक होय. रॅम अपुरी पडली, तर यंत्र डिस्कचा आधार घेतें आणि मंदावतें. चित्रफितींचें संकलन किंवा खेळ यांसाठीं मात्र ग्राफिक्स कार्डावर खर्च करणें योग्य ठरतें. पॉवर सप्लायमध्यें काटकसर करूं नये. तो बिघडला तर इतर अंगांसही अपाय होऊं शकतो.

नागपूरकरांनीं उन्हाळ्याचाही विचार करावा. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. अति तापलेला प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपणच कमी करतो. म्हणजे महाग प्रोसेसर ऐन दुपारीं स्वस्तासारखा चालतो. हवा खेळती ठेवणारी पेटी आणि चांगला पंखा यांवरील खर्च म्हणून व्यर्थ जात नाहीं.

जुना संगणक घरीं असेल, तर नेहमींचें काम चालू असतां टास्क मॅनेजर उघडून पाहावा. प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांपैकीं जें अंग शंभर टक्क्यांस भिडलें असेल, तोच जोडींतील अशक्त बैल. पैसा प्रथम त्याच्यावर खर्चावा. कदाचित् नवें यंत्र घेण्याची गरजच उरणार नाहीं.