काळा पाषाण आणि मंद किरण

शिरूर-दौंडकडील माणसाला काळ्या दगडाची ओळख करून द्यावी लागत नाहीं. घोड आणि भीमा या नद्यांनीं ज्या पाषाणांत आपलें पात्र कोरलें, तो सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वीं तप्त रसाच्या रूपानें भूगर्भांतून वर आला व थरावर थर बसून थिजला. घराचें जोतें त्याचें, विहिरीचें बांधकाम त्याचें, पाटा-वरवंटाहि त्याचाच. आज त्याच्या एका अदृश्य गुणाविषयीं बोलावयाचें आहे.

खडकांत युरेनियम, थोरियम आणि किरणोत्सर्गी पोटॅशियम यांचा अल्पसा अंश असतो व त्यांतून अखंड किरण निघत असतात. आकाशांतून विश्वकिरण येतात, श्वासाबरोबर रेडॉन वायु आंत जातो. निसर्गाचा हा सर्व मारा जागतिक सरासरीनें माणशीं वर्षाला सुमारें २.४ मिलिसिव्हर्ट भरतो. ग्रॅनाइटच्या मानानें आपल्या बेसाल्टमध्यें हीं द्रव्यें पुष्कळच कमी; म्हणून आपल्या पायांखालून येणारा वांटाहि कमी. उलट केरळांत करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळें तो कित्येक ठिकाणीं अनेक पटींनीं जास्त आहे. तेथील सुमारें ७०,००० रहिवाशांवर सरासरी दहा वर्षें लक्ष ठेवून केलेली पाहणी २००९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत या किरणांमुळें कर्करोग वाढल्याचें आढळलें नाहीं.

जास्त किरण घातक, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते जवळजवळ नाहींसेच केले, तर जीव अधिक सुखी होईल काय?

फ्रान्समधील प्लानेल व त्यांचे सहकारी यांनीं पॅरामेसियम हा एकपेशीय जीव शिशाच्या भिंतींआड, तसाच पिरेनीज पर्वतांतील भूमिगत प्रयोगशाळेंत वाढविला. त्याची वाढ मंदावली! किरणांचा लहानसा उगम शेजारीं ठेवला, तेव्हां ती पूर्ववत् झाली. पुढें अमेरिकेंत न्यू मेक्सिकोमध्यें जमिनीखालीं ६५० मीटरांवर, मिठाच्या थरांत, हाच प्रश्न जंतूंना विचारण्यांत आला. तेथील पेटीला दुसऱ्या महायुद्धापूर्वींचें पोलाद वापरलें, कारण अणुस्फोटांनंतरच्या पोलादांत त्यांची धूळ उतरलेली असते. आणि तुलनेसाठीं नेहमींइतके किरण हवे होते, म्हणून काय आणून ठेवलें? पोटॅशियम क्लोराइड! दौंडकडे उसाला घालतात तेंच पोटॅश. २०१५ सालच्या वृत्तांतांतील एक जंतु तर असा चिवट, कीं मनुष्यास प्राणघातक ठरणाऱ्या मात्रेच्या सहस्रपट किरण तो पचवितो. तोहि किरणांवांचून मलूल झाला, आणि नैसर्गिक पातळी मिळतांच सांवरला. कांहीं शास्त्रज्ञ म्हणतात, लहानसहान आघातांमुळें पेशींतील दुरुस्तीच्या यंत्रणेची रोज तालीम होते. तालीम सुटली कीं पैलवान ढिला पडतो.

उपमा गोड आहे. तथापि फ्रान्समध्येंच मोदान येथील भूमिगत प्रयोगशाळेंत आंतड्यांत राहणारे ए. कोलाय जंतु पिढ्यान् पिढ्या वाढविले, तेव्हां असा फरक दिसला नाहीं. तो वृत्तांत २०१९ सालचा. एवढ्याशा जंतूला त्याच्या घटकाभराच्या आयुष्यांत निसर्गाचा एक तरी किरण लागण्याचा संभव अत्यंत थोडा. मग किरण नाहींत हें त्याला कळावें कसें? हा आक्षेप मला वजनदार वाटतो. आपली गोष्ट निराळी. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या देहांत केवळ पोटॅशियमचेच चार हजारांवर अणु दर सेकंदाला फुटत असतात. पाताळांत जाऊन बसलों तरी हे सोबती सुटत नाहींत.

एवढ्या अपुऱ्या पुराव्यावर 'ऊर्जा देणारीं' पदकें मात्र बाजारांत आलीं आहेत. त्यांतील कांहींमध्यें खरोखरच थोरियम सांपडलें. तीं गळ्यांत घालूं नयेत. संरक्षणाचे नियम करणारे आजहि थोड्या किरणांना निरुपद्रवी मानीत नाहींत, आणि तें योग्यच आहे.

दुसऱ्या टोकाला आमच्या आळींतील एक गृहस्थ. दोन महिने खोकला अंगावर काढला, पण छातीचें क्ष-किरण चित्र काढावयास तयार होईनात; शरीरांत विष भिनेल म्हणे! त्या चित्राचे किरण निसर्ग आपणांस पंधरवड्यांत देतो त्याहून अधिक नसतात, हें मीं पाटीवर आंकडे मांडून दाखविलें. शेवटीं सूनबाईनेंच त्यांना दवाखान्यांत नेलें. क्षय निघाला, सहा महिने औषध घेतलें, आणि आतां ते पहाटे घोडनदीच्या पुलापर्यंत फिरावयास जातात.