घरट्याची जागा



जागेचा लळा म्हणजे काय, हे पाहावयाचे तर उत्तर पॅसिफिक महासागरातील मिडवे बेटांकडे वळावे. सहा फुटांहून अधिक पंखविस्ताराचे लेसान अल्बाट्रॉस पक्षी तेथे दरवर्षी लाखोंनी विणीसाठी उतरतात. जुनी जोडपी बहुधा गतवर्षीच्या जागेपासून काही पावलांतच घरटे मांडतात.

पूर्वी तेथे अमेरिकन आरमाराचा विमानतळ होता आणि हे पक्षी विमानांवर आदळत. दूर नेऊन सोडले तर ते परततात काय, हे केनियन व राइस या शास्त्रज्ञांनी पाहिले. दूरदूर नेऊन सोडलेल्या १८ पक्ष्यांपैकी १४ परतले! वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरून निघालेला एक ३,२०० मैल तोडून १० दिवसांत आला; फिलिपीन्सहून सुटलेला ४,१२० मैलांवरून ३२ दिवसांनी हजर झाला.

याला नुसता हट्ट म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. हंगामाला अंडे एकच. नरमादी ते पाळीपाळीने सुमारे ६५ दिवस उबवतात. एक घरट्यावर बसतो, दुसरा अन्नासाठी शेकडो मैल समुद्रावर भटकतो. त्या अफाट गर्दीत परतणाऱ्याने जोडीदाराला शोधावे कोठे? घरट्याची जागा हाच त्यांचा पत्ता. तो चुकला की संसार मोडला.

परंतु तारणारा गुण कधी मारकही ठरतो. या बेटांचा बराचसा भाग समुद्रसपाटीहून काही फूटच उंच आहे. मार्च २०११ मध्ये जपानच्या भूकंपाने उसळलेल्या त्सुनामीत तेथील लाखाहून अधिक पिल्ले गेली. पुढच्या हंगामात पक्षी पुन्हा तेथेच उतरले. समुद्र चढतो आहे, हे त्यांना कोणी सांगावे?

मग उपाय? पिल्लू जेथे वाढते, तेथेच काही वर्षांनी घर करावयास परतते. हा धागा धरून हवाईतील अभ्यासकांनी २०१५ पासून अगदी लहान पिल्ले ओआहू बेटावरील सुरक्षित जागी नेली, हाताने भरवून वाढवली आणि समुद्रावर जाऊ दिली. त्यांतील काही मोठी होऊन तेथेच परतली.

जाणत्या पक्ष्याचे मन वळत नाही. त्याच्यासाठी जुनी जागाच राखावी लागते. पिल्लाला मात्र नवी जागा आपली वाटू शकते. समुद्र चढण्यास आपलाही हातभार लागला आहे. तेव्हा ही दोन्ही कामे आपल्यावरचे ऋणच होत, असे आम्ही समजतो.