पाण्याखालचे रान

(सूरजागड परिसरातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सूरजागडच्या डोंगराच्या सावलीत उभे राहून समुद्राविषयी बोलणे आपणांस काहीसे विचित्र वाटेल. आपल्यापैकी कित्येकांनी तो पाहिलेलाही नसेल. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. महाराष्ट्राच्या पूर्व टोकास जसे रान आहे, तसे ते पश्चिम टोकासही आहे. मात्र ते पाण्याखाली आहे. त्या रानाचे जे बरेवाईट झाले, त्यापासून आपणांस येथे पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणसमोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम सुरू केले. त्या किल्ल्याच्या व शेजारच्या पद्मगडाच्या भोवती, बुडालेल्या खडकांवर प्रवाळ वाढतात. ते पाहण्यास फार साधने लागत नाहीत. डोळे व नाक झाकणारा काचेचा मुखवटा, तोंडात धरावयाची वाकडी नळी आणि अंगात तरंगते जाकीट एवढे पुरे. पाण्यावर पालथे पडावे, चेहरा बुडवावा आणि नळीने संथ श्वास घ्यावा. यालाच स्नॉर्केलिंग म्हणतात.

शिक्षकांना यात विज्ञानाचे दोन पाठ सापडतील. उघड्या डोळ्यांनी पाण्यात पाहिले तर सारे धूसर दिसते, कारण आपला डोळा हवेतून येणाऱ्या प्रकाशासाठी घडलेला आहे. मुखवटा डोळ्यापुढे हवेचा थर राखतो व दृश्य स्पष्ट होते. मात्र चार हातांवरचा मासा तीन हातांवर असल्यासारखा दिसतो. दुसरा पाठ नळीचा. ती वीतदोन वीतच का? पुरुषभर लांब नळी घेऊन खोल का जाऊ नये? कारण खोलीबरोबर पाण्याचा दाब छातीवर वाढतो आणि छातीच्या स्नायूंना वरची हवा आत ओढता येत नाही.

मी प्रथम तेथील पाण्यात चेहरा बुडविला, तेव्हा वाटेतील सारे बोलणे विसरलो. काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे थव्याने समोरून गेले. खडकावर समुद्रफुले लाटेच्या लयीत डोलत होती. त्यांच्यामध्ये घुमटासारखे, पेल्यासारखे प्रवाळ होते. नावाड्यास मी विचारले, "हे दगड कसले?" तो हसून म्हणाला, "साहेब, दगड नव्हेत ते. जिते आसत."

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. प्रवाळ हा दगड नव्हे व वनस्पतीही नव्हे. तो असंख्य सूक्ष्म प्राण्यांचा समूह आहे. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानास देते. म्हणून या प्रवाळांना स्वच्छ, उजेडाचे पाणी लागते. गाळ बसला की ते गुदमरतात. पाणी प्रमाणाबाहेर तापले की शेवाळ बाहेर टाकले जाते व प्रवाळ पांढरे पडतात. लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळभिंतींनी अडविलेली उथळ निळी खाजणे आहेत. तेथे 1998 मध्ये असेच झाले आणि प्रवाळांची फार मोठी हानी झाली.

आपल्या शासनाने मालवणचा सुमारे 29 चौरस किलोमीटरचा सागरी प्रदेश 1987 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित केला. पुढे 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश झाला. आपल्या रानातील वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच अनुसूचीत हा बोटाएवढाही नसलेला जीव आला.

परंतु केवळ घोषणेने रान वाचत नाही. मासेमारी बंद पडेल या भयाने मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्यास विरोध केला आणि तो दीर्घकाळ टिकला. ज्यांच्या पिढ्या त्या पाण्यावर जगल्या, त्यांना विश्वासात घेण्याचे काम अपुरे राहिले, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पुढे पर्यटन वाढले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीस पाणबुड्यांच्या प्रशिक्षणाची संस्था उभारली. मच्छीमारांची मुले मुखवटा व नळी घेऊन पाहुण्यांचे वाटाडे झाली. जिवंत प्रवाळ पाहावयास माणसे येतात, तोपर्यंतच त्यांच्या घरची चूल या धंद्यावर पेटणार आहे.

त्यातही धोका दडलेला आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, मालवणच्या प्रवाळांना पाण्याखालील पर्यटनामुळे होणाऱ्या इजेकडे लक्ष वेधले आहे. नवशिक्या माणसाच्या पायाखाली प्रवाळ मोडतो. होडीचा नांगर पडला की वर्षानुवर्षांची वाढ क्षणात जाते. उपाय अवघड नाहीत. होड्या कायमच्या तरंगत्या बोयांना बांधाव्यात, एका वेळी थोडी माणसे न्यावीत आणि प्रवाळावर उभे राहू देऊ नये. मात्र हे नियम तेथील लोकांनी स्वतःचे मानले, तरच पाळले जातील.

आता आपल्याकडे वळू. मालवणच्या पाण्याशी आपल्या पाण्याचा संबंध नाही. आपले पाणी इंद्रावतीत आणि पुढे गोदावरीतून बंगालच्या उपसागरास मिळते. तेथे गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाची खारफुटी उभी आहे. येथे डोंगराची माती मोकळी झाली, मग ती रस्त्याने होवो, खाणीने होवो वा वृक्षतोडीने, पावसाळ्यात ती खाली जाणारच. पहिला गाळ मात्र आपल्याच डोहात बसतो. मरळ, शिंगी, वाम यांची घरे तेथेच आहेत. सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघू लागले आहे. रोजगार हवा आहे आणि पाणीही हवे आहे. अशा वेळी डोहात काय होते व काय उरले, याची नोंद कोणाजवळ तरी असली पाहिजे.

ही नोंद शाळा ठेवू शकते. पत्र्याच्या डब्याचा तळ काढून तेथे काच घट्ट बसवावी. काचेची बाजू उथळ पाण्यात बुडवून वरून पाहिले, की लाटांची चकाकी नाहीशी होते व तळ दिसू लागतो. डोहात पोहण्याची गरज नाही, आणि मगरीचा वावर असेल तेथे मुलांनी पाण्यापासून दूरच राहावे. दुसरे साधन त्याहून साधे आहे. इटलीतील सेकी या धर्मगुरू शास्त्रज्ञाने 1865 मध्ये पांढरी थाळी दोरीने समुद्रात सोडून पाण्याची नितळता मोजली. आपणही पुलावरून वा डोंग्यातून, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, तशी थाळी सोडावी आणि ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते हे दरमहा एकाच जागी लिहून ठेवावे. पाच वर्षांची अशी वही ग्रामसभेपुढे ठेवली, तर पाणी गढूळले की नाही याविषयी अंदाजाने वाद घालावा लागणार नाही.

कायद्याचा आधारही आहे. जैवविविधता कायदा, 2002 अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. त्या वहीत झाडांप्रमाणे डोहांनाही पाने द्यावीत. आपल्याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावास 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे ग्रामसभेच्या अनेक वर्षांच्या अभ्यासाची शिदोरी होती.

मालवणच्या नावाड्यास जे ठाऊक होते ते मला ठाऊक नव्हते. मी जिवंत प्राण्यास दगड म्हणालो. आपल्या कचेऱ्यांतून कागदावर पाणी म्हणजे निळी रेघ असते, आणि त्या रेघेखाली काय जगते हे काठावरच्या माणसास माहीत असते. त्यास आधी विचारावे आणि निर्णय मागाहून घ्यावा, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.