घरची बोली फळ्यावर

आमच्या घरात दखनी बोलतात. अशा घरातलं मूल मराठी शाळेत जातं, तेव्हा तहान लागली तरी गप्प बसतं. ‘मेरेकू पानी होना’ म्हटलं तर वर्ग हसेल, ही धास्ती. बाईंनी तेच वाक्य फळ्यावर लिहावं. वर्गात खानदेशातलं मूल असेल, तर शेजारी त्याचं ‘माले पानी जोयजे’, आणि खाली पुस्तकातलं ‘मला पाणी हवं आहे’. तहान तर सगळ्यांची एकच! अभ्यासक्रमानं मुलाला भय आणि चिंतेतून मुक्त करावं, असं २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम २९ सांगतं. त्याची सुरुवात अशी फळ्यावर होते. प्रमाण मराठी शिकवायचीच आहे; फक्त आईच्या भाषेवर डस्टर फिरवू नये.